बुडालेलं जहाज पुन्हा पटावर

गराज सेलमध्ये दोन डॉलरला मिळालेला एक पट घरात इतका धुमाकूळ घालील, असं आम्हां उभयतांना वाटलं नव्हतं. १९६४ साली निघालेला 'मिडवे' हा तो खेळ. जून १९४२ मधली पॅसिफिकची आरमारी लढाई जेवणाच्या टेबलावर मांडायची. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. कोणाची जहाजं कुठं आहेत ते समोरच्याला दिसत नाही. चौकोनाचं नाव पुकारून विमानं शोधायला धाडायची. लपंडावच म्हणा ना, फक्त राज्य दोघांवरही!

चिरंजीव (वय ११) जपानी, आम्ही दोघं अमेरिकन. आमचे फासे बरे पडले आणि त्यांचं 'आकागी' हे विमानवाहू जहाज बुडालं. स्वारीचे ओठ थरथरू लागले. "असू दे रे, अजून शिकतोयस," म्हणत आम्ही सोंगटी परत पटावर ठेवली.

पुढं लायब्ररीतून फुचिदा आणि ओकुमिया यांचं मिडवेवरचं पुस्तक आणलं आणि चाटच पडलो. मे १९४२ मध्ये 'यामातो' युद्धनौकेवर जपानी अधिकाऱ्यांनी हीच मोहीम पटावर खेळून पाहिली होती. पंचाच्या फाशांप्रमाणे नऊ बॉम्ब लागले. आकागी आणि 'कागा' दोन्ही बुडाल्या. ॲडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले, आकागी वाचली. बुडालेली कागासुद्धा पुढच्या मोहिमेच्या डावात हजर! ४ जूनला खऱ्या समुद्रात आकागी, कागा आणि 'सोऱ्यू' काही मिनिटांच्या अंतरानं पेटल्या. संध्याकाळी 'हिऱ्यू'. तिथं सोंगटी उचलून ठेवणारं कोणी नव्हतं.

मिडवे बेटावर आपल्यासारख्यांना जाता येत नाही, म्हणून गेल्या डिसेंबरात पर्ल हार्बर गाठलं. पिशव्या आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं दशम्या बाहेरच राहिल्या. नौदलाच्या बोटीतून 'ॲरिझोना'च्या स्मारकाकडे निघालो. याच बंदरातल्या गोदीत 'यॉर्कटाउन' २७ मे १९४२ ला जायबंदी होऊन आली होती. कित्येक आठवड्यांचं काम. कामगारांनी रात्रंदिवस राबून तिला ३० तारखेला पुन्हा समुद्रात लोटलं. आमच्या पटावर ती आयतीच असायची!

स्मारकाखाली ॲरिझोना तशीच पडून आहे. तेलाचे थेंब अजून वर येतात, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पसरतात. संगमरवरी भिंतीवर १,१७७ नावं. काही आडनावं लागोपाठ येतात, सख्खे भाऊ. चिरंजीव बराच वेळ ती वाचत होते.

"बाबा, आकागीवर किती माणसं मेली?"

आम्ही जहाजं मोजली होती, माणसं नाही. हॉटेलवर आल्यावर शोधलं: आकागीवर अडीचशेहून अधिक, कागावर आठशेहून अधिक.

घरी परतल्यावर पुन्हा डाव मांडला. पहिल्याच हल्ल्यात त्यांची आकागी गेली. सवयीनं आमचा हात पुढं झाला. पण सोंगटी त्यांनी आधीच खोक्यात टाकली होती.