दिल्लीची संक्रांत

दिल्लीत हलवा मागितला, की हलवाई गाजराचा हलवा पुढे करतो. मराठी घरांना संक्रांतीसाठी लागणारा काटेरी हलवा त्याच्या गावीही नसतो. तो घरीच, मंद आचेवर, तिळांवर थोडाथोडा पाक सोडीत करावा लागतो. आणि इथल्या जानेवारीच्या कडाक्यात त्याला असा काटा फुलतो, की मुंबईच्या गृहिणींनी हेवा करावा. भोगीच्या सुमारास शेजारच्या पंजाबी घरापुढे लोहडी पेटते, रेवड्या वाटल्या जातात. मग त्याच घरी तिळगूळ जातो. ‘गोड बोला’चे हिंदी भाषांतर सहसा कोणी करीत नाही. त्यावाचून काही अडतही नाही.

मात्र या प्रदेशात संक्रांतीवर एक सावली आहे. पानिपत येथून उत्तरेस सुमारे 90 किलोमीटर. 14 जानेवारी 1761 चा संहार संक्रांतीच्याच दिवशी झाला, असे मराठी घरांतून अजूनही सांगितले जाते. पंचांगाला ते मान्य होणार नाही. इंग्रजी तारखांत संक्रांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. 1863 साली, विवेकानंदांच्या जन्मदिवशी, ती 12 जानेवारीला होती. 1761 साली त्याहूनही आधी. पण ज्या भाषेत तिळगुळाचा सण आणि ‘संक्रांत ओढवणे’ एकाच शब्दात नांदतात, तिला हा मेळ सोडवत नाही. पानिपतजवळ काला आंब येथील स्मारकापाशी 14 जानेवारीला लोक श्रद्धांजलीसाठी जमतात. त्याच सुमारास दिल्लीतील मराठी घरांतून, काळ्या चंद्रकळा नेसून, हळदीकुंकवाला आरंभ होतो. ते रथसप्तमीपर्यंत चालते.