मुदत आणि कस

खेळाडूंच्या दुखापतींविषयी सामान्य वाचकास उमगेल असे काही लिहावे, हा संपादकांचा आग्रह नेमका अशा वेळी आला की, रिसोड तालुक्यातील एका सतरा वर्षांच्या कबड्डीपटू मुलीचे प्रकरण माझ्या मनातून अद्याप हललेले नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस जेमतेम चार महिने झाले असता तिचा चुलता गावातील प्रतिष्ठित मंडळींसह वाशीमला माझ्या दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डाक्टरसाहेब, पोरगी तं आता धावते, मंग तिले खेयाले काऊन देत नाही?" त्या प्रश्नात दुष्टावा नव्हता, तिच्या चढाईविषयी साऱ्या गावाला वाटणारा अभिमान होता, आणि म्हणूनच त्याचे उत्तर देणे मला जड गेले.

मांडीचे हाड व नडगी यांना गुडघ्यात तिरकस सांधणारा जो अस्थिबंध, ज्यास आम्ही एसीएल म्हणतो आणि रुग्ण नुसते 'लिगामेंट' म्हणतात, तो वेगात असलेल्या खेळाडूने एकाएकी दिशा पालटली असता, कोणाचा धक्काही न लागता, तुटू शकतो. त्याच्या जागी बहुधा मांडीच्या मागील स्नायूचा कंडरा बसवितात. हा कंडरा बसविल्या दिवशी जितका बळकट असतो तितका पुढे काही महिने राहत नाही, कारण त्याचा मूळचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, जुन्या पेशी मरतात, नव्या पेशी व रक्तवाहिन्या सावकाश आत शिरतात, आणि ही घडण पुरी होण्यास वर्ष वा त्याहूनही अधिक काळ लागतो. दुर्दैव असे की, याच अशक्त अवधीत सूज ओसरते, वेदना थांबते, आणि पाहणाऱ्यास खेळाडू बरा झाला असे वाटते.

मैदानावर परतण्याचा दाखला केव्हा द्यावा, यावर आमच्या व्यवसायात जुना वाद आहे. एक पक्ष महिन्यांची मुदत मानतो. दुसरा कस पाहतो, म्हणजे दुखऱ्या पायाच्या मांडीचे बळ आणि त्या एका पायावरील उडी ही निरोगी पायाच्या निदान ९० टक्के भरावी असे म्हणतो. मी दुसऱ्या पक्षाचा. तथापि निरोगी पायही सक्तीच्या विश्रांतीने क्षीण झालेला असतो, तेव्हा तराजूतले मापच हलके ठरते, हे आमच्या पक्षाने विसरू नये. म्हणून मी मुदत व कस या दोन्ही अटी घालतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व अमेरिकेतील संशोधकांच्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन लांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याच्या नव्या दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले; आणि त्याच वर्षीच्या एका एकत्रित पाहणीत, खेळाकडे परतलेल्या पंचविशीखालील खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांचा हा अस्थिबंध, त्याच वा दुसऱ्या गुडघ्यात, पुन्हा तुटल्याचे दिसले. ज्या वयात धोका सर्वाधिक, त्याच वयाकडून लोकांच्या अपेक्षाही सर्वाधिक असतात.

शिकागोचा बास्केटबॉलपटू डेरिक रोझ बाविसाव्या वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. एप्रिल २०१२ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा हाच अस्थिबंध तुटला. पुढचा सारा हंगाम तो बाहेर राहिला, तेव्हा डॉक्टरांची अनुमती असूनही तो खेळत नाही म्हणून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. आणि परतल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये उजव्या गुडघ्याची गादी फाटली. थांबणे हा सुरक्षिततेचा जामीन नव्हे, हे मला येथे कबूल केले पाहिजे. आपल्या सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचा अस्थिबंध जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तुटला आणि सुमारे पाच महिन्यांनी ती विश्वचषकात उतरली. डर्बीला ९० व टाँटनला नाबाद १०६ धावा होताच देशाने तिला पूर्णपणे सावरलेली मानले, आणि नंतरच्या सातही डावांत वीस धावाही न झाल्याचे पाहून तोच देश कुजबुजू लागला. त्या अपयशाचे खापर मी गुडघ्यावर फोडणार नाही, कारण क्रिकेटमध्ये कारणे अनेक असतात. परंतु पहिल्या दोन डावांवरून बरे होण्याचा निवाडा करणे जितके चूक, तितकेच पुढच्या सातांवरून तिला मोडीत काढणे चूक होते. २०१८ सालची जगातील सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटू तीच ठरली.

आमच्या जिल्ह्यातील मुलींच्या पाठीशी अशा नामवंत खेळाडूंसारखा काळ आणि तशी व्यवस्था नसते. सोयाबीनच्या सोंगणीत व्यायामासाठी तालुक्याहून वाशीमला येणे राहून जाते, आणि नवरात्रातील सामन्यांची तारीख मात्र टळत नाही. त्यातून गावाच्या अपेक्षेचे ओझे असे की, खेळाडू दुखणे लपवू लागतो, आणि लपविलेल्या दुखण्यावर मला कोणताही इलाज करता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळापर्यंत सुमारे ५५ टक्केच पोचतात, असे २०१४ ची एक मोठी पाहणी सांगते. ही मुलगी त्यांत असेल की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चुलत्यास मी इतकेच सांगितले, आणि सामने भरवणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांसही तेच सांगतो, की नऊ महिने भरून दोन्ही पाय कसास उतरेपर्यंत दाखला मिळणार नाही. आणि तो मिळाल्यावरही पहिल्या हंगामात तिच्या गुणांचा हिशेब मागू नका, गुडघा दुखतो आहे काय एवढेच विचारा, आणि ती 'हो' म्हणाली तर तिला बाकावर बसवण्याचे धैर्य गावाने दाखवावे.