आधी वजाबाकी

नागपूर-अमरावती महामार्गावरचं आमचं तळेगाव. ट्रक गेला की वर्गात दोन वाक्यं थांबावं लागतं. दहावीला 'अंकगणिती श्रेढी' आली, की मी फळ्यावर विहीर खणायला घेतो. पहिल्या मीटरला १,००० रुपये मजुरी, पुढं दर मीटरला २०० रुपये जास्त. दहा मीटरचे किती?

मुलं सूत्रावर तुटून पडतात. निम्म्यांचा दहावा मीटर ३,०००चा निघतो, कारण दहा मीटर म्हणून वाढही दहा वेळा धरलेली असते. मग मी दोन्ही हातांची बोटं शेजारी-शेजारी धरायला लावतो. बोटं दहा, मधल्या फटी नऊ. शेवटचा मीटर २,८००चा.

बेरजेला मी भास्कराचार्यांकडे जातो. ११५०च्या 'सिद्धांतशिरोमणी'तल्या लीलावतीत श्रेढीचं स्वतंत्र प्रकरण आहे. पहिलं पद ते मुख, वाढ ती चय, पदांची संख्या तो गच्छ. मग अंत्यधन, मध्यधन, सर्वधन. सगळी भाषा पैशाची! पहिला आणि शेवटचा दर मिळवून निम्मे केले की मध्यधन १,९००. दहा मीटर, म्हणून १९,०००. सूत्र विसरलेलं पोरगंही हे विसरत नाही.

आता गाठीला २५,०००च आहेत. किती खोल जाता येईल? 'न' मीटर धरू. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. शेवटचा दर १,००० + २००(न − १). कंस सोडवताना २०० नुसत्या 'न'ला देऊन आतल्या एकाला उपाशी ठेवणारे दरवर्षी भेटतात. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला वाढायचं असतं, एवढंच सांगतो. नीट वाढलं की शेवटचा दर ८०० + २००न, मध्यधन ९०० + १००न आणि एकूण खर्च १००न(न + ९). तो २५,०००पेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंना १००ने भागलं.

"सर, चिन्ह उलटवायचं?"

हा प्रश्न ठरलेला. ऋण संख्येनं गुणलं-भागलं तरच उलटतं. का? किराणा दुकानात एकाचे ५०० जमा, दुसऱ्याचे २००, पहिला वरचढ. तेच आकडे उधारीचे झाले की दुसरा बरा. आपले शंभर धन आहेत, चिन्ह जागच्या जागी. उरलं न(न + ९), २५०पर्यंत. अकराला २२०, बाराला २५२. उत्तर ११ मीटर.

एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दोनशे रुपयेच कमी पडून रायले ना? पाणी बाराव्याले लागत असन तर उसने नाही घेनार का?" वर्ग हसला. बरोबर होतं त्याचं. बारा मीटरचे २५,२०० होतात. असमानता कुंपण कुठं आहे ते दाखवते, पलीकडे पाणी आहे का ते तिला ठाऊक नसतं.

तोच पुढं म्हणाला, "अन् भाव असा सारखा थोडी वाढते? मुरूम हाये तोवर एक भाव. काया पत्थर लागला का भाव एकदम चढते."

माझा खडू थांबला. आमच्याकडे माती, मुरूम आणि खाली काळा पाषाण. त्याच्या घरच्यांनी विहीर खणलेली असणार. मुरमात फरक शून्य, पाषाणाशी एकदम उडी. त्या दरांची अंकगणिती श्रेढी होतच नाही, आणि मी वर्षानुवर्षं पहिले दोन दर वजा करून मोकळा होत होतो.

तेव्हापासून सूत्र फळ्यावर उशिरा येतं. आधी वजाबाकी: दुसऱ्यातून पहिलं, तिसऱ्यातून दुसरं, चौथ्यातून तिसरं. फरक सगळीकडे सारखा निघाला तरच पुढं जायचं. विहिरीचं गणित अजून घालतो. फक्त सुरुवातीला एक ओळ वाढवली आहे: 'खाली पत्थर लागणार नाही असं धरा.'