लामूच्या किनाऱ्यावर
केनियातील लामू हे जुने शहर २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच बेटावरच्या मटोंडोनी गावात शिडाच्या होड्या बांधतात. आम्ही गेलो तेव्हा ओहोटीत एक जुनी होडी कलंडून पडली होती. मालक फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता. शेजारचे तीन होडीवाले हाताशी होते. सलाम झाला.

“भरतीआधी उरकायचे. एकट्याने होत नाही. उद्या मी यांच्या होडीवर,” तो म्हणाला.

लाकूड उन्हात तडकते, पाण्यात किडा पोखरतो. काम संपतच नाही. आजोबांची ही होडी विकून इंजिनाची घ्यावी, असे मुलाचे म्हणणे.

“आणि तुमचे?”

तो गप्प राहिला. अस्रनंतर पाणी चढले, होडी सरळ झाली. आत उतरून त्याने तळ चाचपला. कोरडा!

“अलहम्दुलिल्लाह,” तो म्हणाला. त्या तिघांनीही तेच म्हटले.