मलय मांडवातले लाल सरबत

मुले-नातवंडे नोकरीनिमित्त क्वालालंपूर, जोहोर बाहरू वा सिंगापूर येथे असली, की त्यांच्याकडे राहावयास गेलेल्या आपल्यासारख्यांना कधीतरी मलय लग्नाचे आमंत्रण येते. ‘आजींनाही घेऊन या’ असे यजमान आवर्जून सांगतात. अवश्य जावे. मात्र निघण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक ऐकून घ्या.

पत्रिकेवर वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ४. माझ्या सासूबाईंचे वय ७९, मधुमेह जुना. सकाळी आठ वाजता त्यांनी गोळी घेतली, थोडे उपीट खाल्ले आणि साडेअकराला आम्ही मांडवात पोहोचलो. दारातच नवरीच्या आईने ‘जेम्पुत माकान’, म्हणजे ‘जेवायला या’, असे म्हटले. मी संकोचाने हसून बाजूला बसले. अक्षता पडण्याआधी पानावर बसणे आपल्या मनाला पटत नाही ना! नवरा-नवरी येईपर्यंत थांबावे, असे मीच ठरवले.

पाऊण वाजता सासूबाईंच्या कपाळावर घाम दिसला. उकाडा असेल, असे वाटले. तेथे बारा महिने दमट ऊन असते. पण मग त्यांची बोटे थरथरू लागली आणि ‘विहीणबाई कुठे आहेत?’ हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साखर उतरली होती. माझ्या पिशवीत साखरेचा कणही नव्हता. टेबलावर गुलाबाच्या लाल सरबताचा जग होता. आल्या आल्या मीच तो ‘तुम्हाला चालणार नाही’ म्हणून दूर सारला होता. त्याच सरबताचा पेला त्यांच्या हाती दिला. पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. मग त्यांना भात वाढला.

नंतर उलगडा झाला. निकाहाचा विधी बहुधा आधीच उरकलेला असतो. मांडवातला समारंभ म्हणजे ‘केंदुरी’, मेजवानी. पाहुणे दिलेल्या वेळेत केव्हाही येतात, जेवतात, आशीर्वाद देतात आणि निघतात. कोणी कोणासाठी खोळंबत नाही. तेव्हा पोहोचताच जेवा. त्यात अधाशीपणा नाही. न जेवता बसून राहिलात तर यजमानच कष्टी होतात.

आपल्या माणसाला इन्सुलिन वा साखर उतरवू शकणारी गोळी चालू असेल, तर समारंभाच्या दिवशी औषध केव्हा व किती घ्यावे, हे डॉक्टरांना आधीच विचारा. मनाने डोस बदलू नका. जवळ ग्लुकोजची पूड व साखर मोजण्याचे यंत्र ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर उकाड्यावर ढकलू नका. गोड पाजून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. एरवी मात्र सरबताऐवजी ‘आइर कोसोंग’ मागा. शब्दशः ‘रिकामे पाणी’, म्हणजे साधे पाणी! टेबलावरच्या चोचीच्या भांड्यातले पाणी हात धुण्याचे असते. सासूबाई ते पेल्यात ओतणारच होत्या.

ताटात तुपातला मसालेभात ‘नासी मिन्याक’, लाल रश्शातली कोंबडी, नारळाच्या दुधात शिजवलेले ‘रेंदांग’ आणि अननस-काकडीचे आंबटगोड लोणचे असते. रेंदांग बहुधा गोमांसाचे असते. शाकाहारी वाचकांनो, ‘दाल्चा’ हे नाव ऐकून निर्धास्त होऊ नका. त्या डाळीत पुष्कळदा हाडे घातलेली असतात. भाजीतही कोळंबीचा ‘बलाचान’ असू शकतो. यजमानांना आदल्या दिवशी कळवावे, हे उत्तम. भर मांडवात चौकशी करताना दोघांचीही पंचाईत होते.

खांदे व गुडघे झाकणारे सुती कपडे घाला. घरात शिरताना पादत्राणे काढावी लागतात. पायांची संवेदना कमी असेल तर मोजे असू द्या. जमिनीवर बैठक असल्यास निःसंकोच खुर्ची मागा. वरातीबरोबर ‘कोम्पांग’ डफ घुमतात. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी जरा दूर बसावे. स्त्री-पुरुषांनी परस्परांशी हस्तांदोलनास आपण होऊन हात पुढे करू नये. छातीवर उजवा हात ठेवून हसले की पुरते. तरुण मुले मात्र वाकून ज्येष्ठांचा हात नाकाला वा कपाळाला लावतील. हात मागे घेऊ नका, तो त्यांचा नमस्कार आहे.

त्या दिवशी सासूबाईंना वधूवरांवर गुलाबपाणी शिंपडायला बोलावले. शेजारच्या वाटीत हळदीने पिवळे केलेले तांदूळ पाहून त्यांचा चेहरा उजळला. ‘अगं, अक्षताच की!’ असे म्हणत त्यांनी चिमूटभर तांदूळ उचलले. निघताना नवरीच्या आईशी हात मिळवताना पैशांचे पाकीट द्यायचे असते. वरचा एक रिंगित घालायला मी विसरले, म्हणून परतीच्या वाटेवर त्या माझ्यावर रागावल्या. भेट मिळालेले उकडलेले अंडे मात्र त्या उन्हात संध्याकाळपर्यंत ठेवू नका. आम्ही ते गाडीतच खाल्ले, अर्धे अर्धे.