राणीमहाल

झाशीला बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी किल्ला पाहतो. राणीने घोड्यासह जेथून उडी घेतली असे सांगतात ती जागा त्याला दाखविली जाते आणि त्याचे समाधान होते. शहरात, बाजाराच्या गजबजाटात उभा असलेला राणीमहाल पाहावयाचा बहुधा राहूनच जातो. आम्हांस मात्र किल्ल्याहून हा वाडाच अधिक जवळचा वाटतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथराव नेवाळकरांनी तो बांधला. मूळचे कोकणातले हे घराणे पेशव्यांची सुभेदारी घेऊन बुंदेलखंडात आले. म्हणजे तेही बदलीवरचेच! वाडा दुमजली, मध्ये चौक, वरच्या दरबारी दालनाच्या भिंती व छत रंगीत नक्षीने भरलेले. छप्पर सपाट, कोकणच्या उतरत्या कौलांची येथे आठवणही उरलेली नाही.

नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी घेतलेले दत्तक कंपनी सरकारने मानले नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. राणीने किल्ला सोडावा, शहरातल्या वाड्यात राहावे, असे ठरले. सालीना 60,000 रुपयांची नेमणूक मिळाली. तिच्यातूनही पतीचे कर्ज वळते करून घेण्याचा सरकारचा आग्रह होता.

पुढची तीन वर्षे आम्हां कारकुनांच्या फार ओळखीची आहेत. तलवारीआधी राणी कागदाने लढली. खलित्यांमागून खलिते गेले, जुन्या तहांचे दाखले दिले गेले, जॉन लँग या वकिलास मुद्दाम बोलावून त्याचा सल्ला घेण्यात आला. उत्तर नकाराचेच येत राहिले. निकाल आधी ठरवून कारणे मागाहून जोडली गेली असे आमचे मत आहे. फायली हाताळणाऱ्यास ते चटकन उमगते.

एप्रिल 1858 मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली. त्या युद्धात वाड्याचा काही भाग उद्ध्वस्त झाला. तेव्हा झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी त्या दिवसांची हकीकत 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली. ती छापून निघाली 1907 मध्ये.

आता वाड्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथे मांडलेल्या भग्न मूर्ती नेवाळकरांहून शेकडो वर्षे जुन्या.

ज्यांच्या हक्कासाठी तो सारा पत्रव्यवहार झाला, ते दामोदरराव इंदुरास राहिले व 1906 मध्ये वारले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावले ते 'झाशीवाले'.