वाळूत रुतलेले चाक

दरवर्षी जानेवारीत चार दिवस आपाकडे जायचे, हा माझा नेम. कोकण रेल्वेने खेडला उतरायचे, तिथून एसटीने दापोली आणि दापोलीहून हर्णैकडे उतरणारी वळणावळणांची वाट. उतार संपत आला की समोर समुद्र दिसतो आणि पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. मासळीचा वास आला की आपाचे घर जवळ आले म्हणून समजावे.

यंदा पोहोचलो तेव्हा हर्णै बंदरात लिलाव सुरू होता. होड्या पाण्यात उभ्या आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट लाटांत शिरलेल्या. ओल्या वाळूतून गाडी वर येत असताना गाडीवान बैलांना थांबू देत नव्हता. मी कौतुकाने बघत राहिलो. दोन दिवसांनी याच वाळूचा दुसरा रंग पाहायला मिळेल, हे तेव्हा मनातही नव्हते.

आपाच्या अंगणात भाच्याची जुनी महिंद्रा जीप चिऱ्यांवर चढवलेली होती आणि तो तिच्याखाली आडवा. आठ वर्षे कतारमध्ये गाड्यांचे वायरिंग करून तो दोन वर्षांपूर्वी परतला. आता गावातच गॅरेज टाकले आहे. जीपच्या तोंडाशी एक अवजड लोखंडी यंत्र ठेवले होते. मध्ये रीळ, एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला गिअर.

"मामू, हे विंच. विजेवर चालणारा रहाटच समजा," तो खालूनच म्हणाला.

आपा मात्र घुश्शात होती. "कतारचे शेवटचे पैसे या रहाटात घातलेन. पडवीचे पत्रे गळतायत ते कोण बघणार?"

दुल्हेभाई काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त उजवा हात पुढे केला. दोन बोटे अजून नीट मिटत नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कर्द्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची मोटार रुतली होती. भाच्याने जीपला दोर बांधला आणि झटके देऊन ती ओढू लागला. तिसऱ्या झटक्याला मोटारीचा टोइंगचा हुक उपटला आणि दोरासकट उडून आला. जीपची मागची काच फुटली. बाजूला उभ्या दुल्हेभाईंच्या हातावर तो घासून गेला. "अल्लाहने वाचवले, एक वीत इकडे आला असता तर डोक्यात बसला असता," एवढेच ते म्हणाले. त्या रात्रीपासून भाच्याने झटक्याने गाडी ओढणे सोडले.

पुढचे दोन दिवस मी त्याचा मदतनीस झालो. पाना देणे, टॉर्च धरणे आणि प्रश्न विचारणे. त्याने आधी हिशोब समजावला. गाडी माणसांसह साधारण अडीच टन. विंचची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान दीडपट हवी, म्हणजे पावणेचार टन. त्याने ९,५०० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारे घेतले. पण ही ताकद रिळावर दोराचा शेवटचा थर उरलेला असतानाच मिळते. जितके जास्त थर, तितका ओढा कमी. म्हणून दोर होईल तेवढा बाहेर काढून ओढायचा, पण रिळावर काही वेढे कायम ठेवायचे. नाहीतर दोर मुळातूनच निसटतो.

बसवण्याची जागा हा पहिला प्रश्न. बंपर म्हणजे पत्रा, त्याला धरून विंच ओढले तर गाडी हलायच्या आधी बंपरच निघून येईल. भाच्याने जाड लोखंडी पाटा चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना उच्च प्रतीच्या बोल्टांनी आवळला आणि त्यावर विंच बसवले. गाडीसमोर लोखंडी गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. त्यामुळे बाहेर काही डोकावू नये अशा बेताने त्याने पाटा आत घेतला आणि मगच काम पुढे नेले. आरटीओत त्याने आधीच विचारून ठेवले होते. "नवीन गाडीत एअरबॅगचे सेन्सर पुढे असतात, तिथे असले काम हाताने करू नये," असेही त्याने बजावले. रेडिएटरला हवा लागते ना, हे त्याने दोनदा वाकून पाहिले.

मग वायरिंग. मला वाटले, दोन वायरी जोडल्या की झाले. तो हसला. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर वीज घेतो. हे विंच पूर्ण ओढ्यावर ४०० अँपिअरच्या वर खेचते. म्हणजे ऐंशी बल्ब एकदम पेटवल्यासारखे. बारीक वायर लावली तर ती विस्तवासारखी तापेल. म्हणून ३५ चौरस मिलिमीटरची अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग आणि लांबी जमेल तितकी कमी.

एवढी वीज हातातल्या बटणातून जाऊ शकत नाही. रिमोटचे बटण फक्त सोलेनॉइडला इशारा देते आणि मोठा प्रवाह सोलेनॉइडमधून मोटरला जातो. ऋणाची केबलही त्याने चॅसिसला न टेकवता थेट बॅटरीपर्यंत नेली. "चॅसिसवर गंज असतो, रंग असतो. छोट्या कामाला चालते, इथे नाही."

धनाच्या केबलवर बॅटरीजवळच त्याने मोठा मेन स्विच बसवला. विंच वापरायचे नसेल तेव्हा तो बंद. यावर तो फार आग्रही होता. गल्फमध्ये असताना एका गाडीची अशीच केबल चॅसिसच्या कडेवर घासत घासत उघडी पडली होती. "फ्यूज नाही, स्विच नाही. पाना शोधेपर्यंत बॉनेटमधून ज्वाळा आल्या. माणूस बाहेर होता म्हणून वाचला." त्यामुळे केबल जिथून वळते तिथे त्याने रबरी बूच बसवले, वरून नळी चढवली, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवली आणि हातभर अंतरावर बांधून टाकली. बॅटरी नवी, मोठी घेतली. कारण विंच चालताना इंजिन सुरू असले तरी अल्टरनेटर एवढी वीज पुरवू शकत नाही, बराचसा भार बॅटरीच उचलते. जोडताना ऋणाचे टोक शेवटी, काढताना ते आधी. पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडू नये म्हणून.

दोर त्याने पोलादाचा न घेता कृत्रिम धाग्याचा घेतला. तो हलका आणि तुटला तरी पोलादी तारेसारखा चाबूक मारत नाही. मात्र वाळू आणि ऊन त्याचे वैरी. पुढे रोलरऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमची चौकट. शेवटी अंगणातल्या उतारावर दुसरी गाडी ओढत त्याने सगळा दोर ताणून, थराला थर लावून रिळावर गुंडाळला. सैल गुंडाळला तर ओढताना वरचा थर खालच्यात रुततो.

दुसऱ्या दिवशी चांदाची पंधरावी होती. पौर्णिमा म्हणजे उधाण. आपा रोज कॅलेंडरवर चांदाची तारीख पाहते, तिला भरतीचे वेगळे कोष्टक लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री भरते आणि संध्याकाळी पाणी पार दूर जाते. शहरातून आलेल्या माणसाला सूर्यास्ताला एवढी रुंद, सपाट वाळू दिसते की गाडी घालावीशी वाटतेच. वरून ती सिमेंटसारखी कडक, खाली पाण्याने भरलेली. चाक एकदा गरगरले की खड्डा होतो आणि गाडी पोटावर बसते.

मगरिबची नमाज उरकून आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात एक पोरगा धावत आला. कर्द्याला मोटार रुतली, आत बायकामुले होती, पाणी फिरले आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा मोटार पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि लाटेचा फेस तिच्यापासून वीसेक पावलांवर. बाई दोन मुलांना घेऊन सुरूच्या बनाशी उभ्या होत्या. त्यांचे यजमान अजून अॅक्सिलरेटर दाबत होते आणि मोटार अजून खाली जात होती. भाच्याने आधी त्यांना इंजिन बंद करायला लावले.

जीप त्याने वाळूवर नेलीच नाही. याच पट्ट्यात आंजर्ल्याला, पलीकडे वेळासला कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. चाकांनी ती घरटी चिरडतात. शिवाय वाचवणाराच रुतला तर दोघांचे काम. उताराच्या सिमेंटवर जीप उभी केली, पुढच्या चाकांपुढे चिरे लावले, मागचा हुक रुंद पट्ट्याने जाडजूड सुरूच्या बुंध्याला अगदी खालून बांधला. विंचचा २८ मीटरचा दोर, त्याला जोड पट्टा, मोटारीच्या मागच्या टोइंग हुकात शॅकल. हुक आत पूर्ण फिरला आहे ना, हे त्याने स्वतः पाहिले. दोराच्या मध्यावर जुनी गोधडी टाकली. तुटलाच तर उडू नये. मग मोठ्याने म्हणाला, "दोराच्या रेषेत कोणी नाही. कोणी ओलांडायचे नाही."

पहिल्यांदा वाटले, काहीच होत नाही. मोटरची घरघर, दोर ताणलेला, बस्स. मिनिटभर ओढून तो थांबला. यजमान कासावीस. "दादा, जोरात घ्या ना, पाणी येतंय!"

"साहेब, मोटर गार होऊ द्या. जोरात घेतले तर तुमचा हुक माझ्याकडे येईल," भाचा शांतपणे म्हणाला. दुल्हेभाईंनी आपला हात मागे घेतला, हे मी पाहिले.

दुसऱ्या खेपेला वाळूने 'फस्स' केले आणि मागची चाके वीतभर वर आली. पुढे दर मिनिटाला दोन पावले. मध्ये एकदा थांबून जोडपट्टा काढला, दोर पुन्हा लावला. लाट मोटारीच्या आधीच्या खड्ड्यात शिरली तेव्हा मोटार दहा मीटर वर आली होती. पाऊण तासाने ती सिमेंटवर उभी होती. बाई रडत होत्या, मुले टाळ्या वाजवत होती.

यजमानांनी पाकीट काढले. "किती द्यायचे, सांगा."

भाचा बापाकडे बघू लागला. एरवी पावसाळ्यात चिखलातून गाड्या काढायचा त्याचा दर ठरलेला आहे. दुल्हेभाई म्हणाले, "पाणी चढत असताना भाव करत नाहीत. डिझेलचे द्या. आणि पुन्हा वाळूवर गाडी घालू नका."

सकाळी मी फिरायला गेलो तेव्हा भरती येऊन गेली होती आणि वाळूवर चाकाची खूण राहिली नव्हती. परतलो तर भाचा अंगणात विहिरीच्या पाण्याने दोर धूत होता. हातभर हातभर चोळून त्यातली वाळू काढत होता. आपा दारात उभी राहून पाहत होती.

"नीट धू," ती म्हणाली. "आणि पावसाआधी पत्रे बदलायचे हां."